अरण्यवासाची दरखास्त

वनवासाला निघालेल्या प्रभू रामचंद्रांना पंचवटीची जागा अगस्त्य ऋषींनी सुचविली आणि लक्ष्मणाने तेथे पर्णकुटी बांधली, एवढ्यावर तो विषय रामायणात आटोपतो. पर्णकुटीला तीस अँपियरची वीज मिळेल की पन्नासची, सांडपाणी जागेवरच मुरेल की फाटकापाशी नेऊन रिते करावे लागेल, आणि शेजारच्या कुटीतील ऋषींना रात्री दहानंतर जनरेटर चालविण्याची मुभा आहे काय, असल्या चौकशा करण्याची पाळी त्या राजपुत्रांवर आली नाही. आमच्यावर आली, आणि चिरंजीवांच्या मिनियापोलिस येथील घरी, रात्रीची जेवणे उरकल्यावर, या चौकशांच्या बैठका इतक्या गांभीर्याने भरू लागल्या की एखाद्या तालुक्याच्या जमाबंदीचे कामही त्यापेक्षा कमी वादात निकाली निघाले असते.

अरण्य ठरलेले होते. मिनेसोटा राज्याच्या ईशान्य कोपऱ्यातले सुपीरियर राष्ट्रीय वन थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०९ च्या फेब्रुवारीत, म्हणजे अध्यक्षपदावरून उतरण्याच्या जेमतेम तीन आठवडे अगोदर, जाहीरनामा काढून राखीव केले. सुमारे तीस लाख एकरांचा हा मुलूख मूळचा ओजिब्वे लोकांचा. १८५४ च्या तहाने तो अमेरिकन सरकारकडे गेला, तथापि शिकारीचा आणि मासेमारीचा हक्क त्यांनी तहनाम्यातच राखून ठेवला, हे वाचून, हयात महसूल खात्यात घालविलेल्या माझ्यासारख्याला त्यांच्या दूरदृष्टीविषयी आदर वाटल्यावाचून राहिला नाही. या वनाच्या पोटात, कॅनडाच्या हद्दीला लागून, ‘बाउंडरी वॉटर्स’ नावाचे दहा लाखांहून अधिक एकरांचे आणखी कडक बंदोबस्ताचे अरण्य आहे. तेथे सरोवरामागून सरोवर पसरलेले असून एका सरोवरातून दुसऱ्यात जावयाचे तर होडी डोक्यावर घेऊन झाडीतल्या पायवाटेने चालू लागावे लागते. १ मे ते ३० सप्टेंबर या मुदतीत रात्र काढावयाची असेल तर मोजक्याच संख्येने मिळणारा परवाना लागतो, एका टोळीत नऊहून अधिक माणसे चालत नाहीत, आणि पत्र्याचे डबे नि काचेच्या बाटल्या यांना मज्जाव असतो. त्यामुळे लिंबाच्या लोणच्याची बरणी घेऊन त्या अरण्यात शिरण्याचा आमच्या कुटुंबाचा मनसुबा पहिल्याच बैठकीत नामंजूर झाला.

येथेच या प्रवासाची खरी मौज आहे. ज्या निबिड अरण्याच्या ओढीने मनुष्य पंचवीस फूट लांबीचे मोटारघर भाड्याने घेतो, त्यात पलंग, फ्रीज, शेगडी, न्हाणी आणि शौचकूप यांचा संसार भरतो आणि अडीचशे मैल उत्तरेकडे कूच करतो, त्या अरण्यात ते मोटारघर चाकभरसुद्धा शिरू शकत नाही. ते उभे राहावयाचे उंबरठ्यावर. म्हणून प्रश्न अरण्याच्या निवडीचा नसतोच. उंबरठ्याच्या निवडीचा असतो, आणि घरातले नेमके काय सोडून राहण्याची आपली तयारी नाही हे एकदा प्रांजळपणे कबूल केले की तो आपोआप सुटतो. अडचण एवढीच की हे प्रांजळपणे कबूल करावयास कोणी तयार नसते. आमच्या घरी तर प्रत्येकाने प्रथम ‘मला काय, कुठेही चालेल’ असे सांगितले आणि मग आपापली अट जोडली. चिरंजीवांना ‘एखादा ईमेल आलाच तर’ म्हणून इंटरनेट हवे होते. सूनबाईंना शौचालय पाण्याचे हवे होते, नुसत्या खड्ड्याचे नको. नातवाला पोहण्याजोगा किनारा हवा होता. कुटुंबाने अस्वलाची हद्द कोठून कोठपर्यंत आहे, तेवढे अगोदर विचारून घ्या, असे बजावले. मला शांतता हवी होती. पण ती अट मागणारा मनुष्य नेहमीच अल्पमतात असतो.

एकाच झाडीत चार अंमल नांदतात, हे बैठकीत लौकरच ध्यानात आले. वॉशिंग्टनच्या वनखात्याचे तळ वेगळे, राज्य सरकारच्या उद्यानांतले वेगळे, नगरपालिकेचे वेगळे आणि खासगी मालकांचे वेगळे. आणि या चौघांच्या रीतिभाती, दर, मुदती आणि मनाया एकमेकींशी जुळतील तर शपथ. सुपीरियर सरोवराच्या काठी ग्रँड मरे नावाचे टुमदार गाव आहे, तेथला तळ नगरपालिका चालविते; तेथे मोटारघरातून उतरून मनुष्य चालत बाजारात जातो, डोनट खातो, बंदरावरचा वारा अंगावर घेतो आणि वन्य जीवनाचा अनुभव घेतल्याचे समाधान पावतो. ईलीजवळच्या बेअर हेड लेक या राज्य उद्यानाला २०१० साली एका थंड पेयाच्या प्रख्यात कंपनीने घेतलेल्या मतदानात देशातले सर्वांत लाडके उद्यान म्हणून कौल मिळाला. अरण्याची गुणवत्ता सरबतवाल्याने ठरवावी, याचे मला नवल वाटले. परंतु उद्यान खरोखरच सुंदर आहे, तेव्हा कौलाबद्दल तक्रार करण्यास जागा नाही.

ईली या गावाविषयी येथे दोन शब्द सांगणे अवश्य आहे. बाउंडरी वॉटर्सचे अरण्य राखण्यासाठी आयुष्य वेचणारे लेखक सिगर्ड ओल्सन याच गावी राहत. १९७७ साली त्यासंबंधीच्या सुनावणीच्या वेळी गावातल्या संतप्त विरोधकांनी त्यांचा पुतळा करून तो फासावर लटकविला, आणि पुढल्याच वर्षी, १९७८ त, अरण्याला संरक्षण देणारा कायदा झाला. आज त्याच ईलीत होड्या भाड्याने देणारी दुकाने आहेत, लांडग्यांचे माहितीकेंद्र आहे, अस्वलांचे माहितीकेंद्र आहे, आणि अरण्य पाहावयास येणाऱ्या पाहुण्यांवर गावाचा बराच व्यवहार चालतो. आमच्या कुटुंबाने अस्वलांच्या केंद्रात सर्व पाट्या लक्षपूर्वक वाचल्या आणि बाहेर पडताना, ‘अहो, याला वास फार लांबून येतो म्हणे,’ एवढाच अभिप्राय दिला; त्यानंतर हिंगाची डबी तीन पिशव्यांत बांधली गेली.

आता विजेची बाब. मोटारघराच्या पोटातून मनगटाएवढी जाड केबल निघते आणि ती तळावरच्या खांबात खोचावयाची असते. त्या खांबावर तीस आणि पन्नास अशी दोन भोके असली तर मनुष्य साहजिकच समजतो की पन्नास म्हणजे तिसाहून थोडे अधिक. वस्तुतः तीसच्या जोडणीतून ३,६०० वॅट मिळतात आणि पन्नासच्या जोडणीत दोन जिवंत तारा असल्यामुळे १२,००० वॅट, म्हणजे तिपटीहूनही जास्त. आणि भाड्याच्या मध्यम मोटारघराची लायकी बहुधा तिसाचीच असते. त्या ३,६०० वॅटांत वातानुकूलन, मायक्रोवेव्ह आणि चहाची विजेची किटली ही तिन्ही दैवते एका वेळी प्रसन्न होत नाहीत. ती एका वेळी प्रसन्न करण्याचा प्रयत्न आमच्या घरी रोज पहाटे होत असे: कुटुंबाने किटली लावावी, सूनबाईंनी नातवाचे दूध मायक्रोवेव्हमध्ये ठेवावे, छतावरच्या यंत्राने एक सुस्कारा टाकावा आणि सारे मोटारघर अंधारात बुडावे. मग चिरंजीव पायजम्यावर बाहेर जाऊन खांबावरचा खटका वर करीत, आणि आतून आवाज येई, ‘आता दूध लावू का, की आईंचा चहा होऊ देऊ?’

सांडपाण्याचे प्रकरण याहून नाजूक. मोटारघराच्या तळाशी दोन टाक्या असतात, एक शौचकुपाची आणि दुसरी न्हाणी-मोरीची. ज्या तळावर प्रत्येक जागेला मोरीची जोडणी आहे तेथे चिंता नाही. परंतु वनखात्याच्या तळांवर ही चैन नसते, आणि मुक्काम हलविताना गाडी एका ठराविक मोरीपाशी नेऊन, रबरी हातमोजे चढवून, सोंडेसारखी घड्या पडणारी नळी जोडून दोन्ही टाक्या रित्या कराव्या लागतात. त्यातही क्रम आहे. अगोदर शौचकुपाची टाकी सोडावयाची आणि मागाहून न्हाणीची, म्हणजे दुसरीच्या पाण्याने नळी धुऊन निघते. हा क्रम उलटा करणाऱ्याचा पुढला दिवस कसा जातो ते आम्ही पलीकडच्या गाडीवाल्याच्या चेहऱ्यावर पाहिले. सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेली माझी पिढी ही क्रिया पंचवीस पावलांवरून पाहते. चिरंजीवांनी मात्र ती शांतपणे पार पाडली, आणि ज्या मुलाने पुण्यात कधी मोरीत पाण्याचा तांब्या ओतला नव्हता तो परदेशी जाऊन किती कर्तबगार झाला, हे पाहून त्याच्या आईचे डोळे पाणावले.

सर्व सोयी एका ठिकाणी हव्यात असा आग्रह धरून एक मुक्काम आम्ही खासगी तळावर केला. त्याचे नाव येथे घेत नाही. वीज पन्नासची होती, मोरी जागेवर होती, कपडे धुण्याची यंत्रे होती, इंटरनेट होते. अरण्य तेवढे नव्हते. दोन मोटारघरांमध्ये अंतर इतके बेताचे की शेजारच्या आजोबांनी खिडकीत बसून पाहिलेला बेसबॉलचा सामना आम्हीही पाहिला, आणि त्यांच्या संघाची हार झाल्यावर त्यांचे सांत्वन करण्याचे कर्तव्यही आमच्याकडे आले. आपल्याकडच्या वनखात्याच्या जुन्या विश्रामगृहांत वीज जात असे, पाणी खानसामा बादलीने आणीत असे आणि वटवाघळे विनापरवाना राहत. तथापि खिडकीतून जे दिसे ते रान असे.

तिकडच्या वनखात्याच्या तळावरची वागणूक खासगी तळाच्या नेमकी उलट. तेथे खडी पसरलेली एक जागा, लाकडी बाकांचे एक टेबल आणि शेकोटीचे एक लोखंडी कडे, बहुधा एवढाच सरंजाम असतो, आणि जागेत शिरावयाचे ते पाठमोरे. सूनबाई मागे उभ्या राहून ‘येऊ द्या, येऊ द्या, डावीकडे घ्या, आता बास’ असे ओरडत आणि नेमक्या ‘बास’ला एखादे बर्च झाड मध्ये येई. अन्न उघड्यावर ठेवू नये, अस्वल येते, असा खात्याचा लेखी हुकूम असतो आणि त्यात दातांची पेस्टसुद्धा अन्नात धरलेली असते. सरपणही सोबत नेता येत नाही. ॲश झाडे पोखरणारा एक हिरवा किडा २००९ साली या राज्यात आढळला. तो लाकडाच्या मोळीत बसून परगावी जातो, म्हणून सरपण जवळपासच्या मंजूर विक्रेत्याकडूनच घ्यावे आणि पावती जपून ठेवावी, असा दंडक आहे. तीस लाख एकर वृक्षराजीच्या मधोमध उभे राहून मी जळाऊ लाकडाची पावती पाकिटात घडी करून ठेविली, आणि नोकरीतून निवृत्त झाल्यापासून इतके घरच्यासारखे मला कोठेही वाटले नव्हते.

परंतु खात्यात आयुष्य काढलेल्या मनुष्याला चकित करणारी वस्तू निराळीच होती. लहान तळांवर कारकून नसतो, खिडकी नसते, शिपाई नसतो. एक फळी असते, तीवर लिफाफे असतात, आणि जमिनीत पुरलेले एक लोखंडी नळकांडे असते. आपणच जागा निवडावी, लिफाफ्यावर गाडीचा क्रमांक आणि तारखा लिहाव्यात, पैसे आत घालून तो नळकांड्याच्या फटीत सोडावा आणि लिफाफ्याची फाडलेली चिठ्ठी जागेच्या खुंटीला अडकवावी. तपासणीस कोण येते म्हणावे, तर स्वतःच्याच मोटारघरात मुक्कामाला असलेले एक निवृत्त जोडपे, जे सायंकाळी फेरी मारताना चिठ्ठ्यांपेक्षा तुमच्या कुत्र्याची चौकशी अधिक करते. आमच्याकडे कुत्रा नव्हता, म्हणून त्यांनी कुकरच्या शिट्टीची चौकशी केली. ती कुठल्या पक्ष्याची, असे त्या बाईंना वाटले होते. सूनबाईंनी त्यांना वरणभात वाढला तेव्हा त्या पक्ष्याविषयी त्यांचे मत फारच अनुकूल झाले.

मोठ्या तळांवर मात्र आरक्षण लागते, आणि तेथे भाबडेपणा उपयोगी पडत नाही. मिनेसोटाच्या राज्य उद्यानांतली जागा १२० दिवस अगोदर खुली होते. आपल्या रेल्वेचीही मुदत १२० दिवसांचीच होती, ती २०२४ च्या नोव्हेंबरात ६० वर आली. तेव्हा गणपतीला कोकणात जाण्यासाठी सकाळी घड्याळाकडे डोळे लावून बसलेल्या कुळातल्या मनुष्याला ही विद्या नव्याने शिकावी लागत नाही. चिरंजीव एकट्याने बसले असते तर जागा हुकली असती. पण त्यांच्या मातोश्री शेजारी बसून ‘दाब, आता दाब’ म्हणत होत्या, आणि सरोवराकाठची, शौचालयापासून न फार दूर न फार जवळ अशी जागा आमच्या नावे चढली.

वाचकांपैकी कोणाची मुले तिकडे असतील आणि त्यांनी हा बेत काढला, तर माझा सल्ला असा. डास आणि काळ्या माश्या जून महिन्यात माणसाला फाडून खातात, म्हणून ऑगस्टचा उत्तरार्ध धरावा. वीज हवीच असेल तर ईलीजवळचा फॉल लेक हा वनखात्याचा तळ घ्यावा; खांबाला वीजही आहे आणि बाउंडरी वॉटर्समध्ये होडीने शिरण्याची वाटही तेथूनच आहे. विजेवाचून राहण्याची खरोखर तयारी असेल, आणि ती घरातल्या सर्वांकडून लेखी घेतली असेल, तर ग्रँड मरेहून निघणारा सत्तावन्न मैलांचा गनफ्लिंट मार्ग धरून त्याच्या अगदी टोकाच्या तळावर जावे. खासगी तळाच्या वाटेस जाऊ नये. चहा गॅसवर करावा.