मूठभर तांदूळ

"पोरगं जेवत नाही हो," असं आमच्या आंबवड्यात चारचौघांत म्हणू नये. म्हणायचंच असेल, तर आधी काकू आसपास नाहीत ना, हे बघून घ्यावं. काकू नक्की कुणाच्या, ते गावात कुणालाच धड सांगता येत नाही. ज्या घरात सहा वर्षांच्या आतलं मूल, त्या घराच्या काकू, असं धरून चालायचं.

तुमच्याकडेही एक असतीलच. तुमच्या कदाचित वेखंड उगाळायला सांगत असतील, किंवा मीठमोहऱ्या घेऊन दृष्ट काढायला धावत असतील. आमच्या काकूंच्या बटव्यात औषध एकच.

"आरं, मूठभर तांदूळ दे की त्याला निवडाय."

झोपत नाही? तांदूळ. धाकट्या बहिणीला चावतो? तांदूळ. अंगणवाडीत जाताना दाराची चौकट सोडत नाही? चौकटीतच बसव आणि तांदूळ दे. शेजारच्या पोरीला ताप चढला तेव्हा मात्र काकू शहाण्यासारख्या म्हणाल्या, "आधी भोरला डॉक्टरकडं न्या." मला हायसं वाटलं. तेवढ्यात पुढचं वाक्य आलं, "तिथं लई वेळ बसवत्यात, संगं तांदूळ घ्या."

गेल्या श्रावणात आम्ही नागेश्वराच्या दर्शनाला निघालो. देवळाच्या वाटेवरचा झुलता पूल 1936 सालचा, भोर संस्थानच्या काळातला. आमचे साडेतीन वर्षांचे चिरंजीव मधोमध पोचले आणि पूल हलतो, हा शोध त्यांना लागला. तिथेच बैठक मारून त्यांनी असा सूर लावला की मागून येणारी माणसं उलटी फिरली. मी चॉकलेट पुढे केलं, बायकोनं फोन. काकूंनी कमरेची पिशवी सोडली. देवाला वाहायच्या अक्षता असतील, असं मला वाटलं. कसल्या अक्षता! पुलावर फतकल मारून त्यांनी पदर पसरला, त्यावर तांदूळ ओतले आणि तह जाहीर केला, "खडा गावला की चार पावलं चालायचं."

आम्ही पूल ओलांडला. दर्शनाला दुपार झाली, ही गोष्ट वेगळी.

त्यानंतर चिडून मी पुण्यात एका पालक-कार्यशाळेला फी भरून जाऊन आलो. वातानुकूलित खोलीत कळलं ते असं : अंगठा आणि तर्जनीची चिमूट पक्की झाली की पुढे पेन्सिल नीट धरता येते. दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी तासाभरापेक्षा जास्त स्क्रीन नको, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्येच सांगून ठेवलंय. आणि मुलांना घरातली खरी कामं द्यावीत; म्हणजे शेंगा सोलणं, धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावणं, कडधान्य वेगळं करणं. शेवटच्या शब्दाला मी वही मिटली.

तिथेच ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्याविषयीही ऐकलं. 1945 पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला त्यांनी बिया, शिंपले, पानं असल्या फुकटच्या साहित्यावर मुलं शिकवली. मुलं बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची, हे डोकंही त्यांचंच. घरी आल्यावर मोठ्या मनानं मी हे काकूंना सांगितलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "बरं, त्या बाया तांदूळ कंचा वापरायच्या?"

मी शेवटचं हत्यार काढलं. "काकू, एवढ्याशा पोराच्या हातात खडे देऊ नयेत. तोंडात घातला, घशात अडकला तर?"

"म्हणून तर मी म्होरं बसते," काकू म्हणाल्या. "तुमी पोराला फोन देता आन् उठून जाता. तांदूळ दिला की उठता येत न्हाई."

यावर मला काही सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

एकदा ऑफिसच्या फोनवर मी कुणावर तरी ओरडत होतो, तर त्यांनी माझ्याही पुढ्यात सूप सरकवलं. मी रागारागानं निवडू लागलो. दहा मिनिटांत राग उतरला, पण एक शंका वर आली. तांदूळ घरचाच, इंद्रायणी, भोरच्या गिरणीतून भरडून आणलेला. हल्लीच्या गिरणीत खडे काढायचं यंत्र असतं. तांदळात खडा औषधालासुद्धा मिळत नाही. मग सुपात हे कुठून आले?

त्या रात्री मागच्या दारी काकूंना रंगेहाथ पकडलं. पावडरीच्या जुन्या डब्यात ओढ्यातले धुतलेले, बारीक, काळे खडे. एकेक मोजून त्या तांदळात टाकत होत्या. मला बघून जरा ओशाळल्या.

"पयल्यासारका तांदूळ ऱ्हायला न्हाई रं," त्या म्हणाल्या. "आमच्या लेकरांच्या येळंला मुठीत धा-धा खडे निघायचे. आता गिरणीवाल्यानं पोरांना कामच ठिवलं न्हाई." मग दबक्या आवाजात, "कुणाला सांगू नगस. सात टाकते. सातवा गावल्याबिगर पोराला उठू द्यायचं न्हाई."

काल चिरंजीवांना आठ सापडले. काकू संध्याकाळपर्यंत बोटं मोजत ओसरीवर बसल्या होत्या.

आठवा मी टाकला होता.