एका द्विव्यवसायी इसमाची कैफियत

मनुष्याने आयुष्यात एकच व्यवसाय धरावा आणि त्यातच उत्तरोत्तर दरिद्री होत जावे, हा आमच्या घराण्याचा पिढीजात दंडक मोडून मी एकाच वेळी दोन व्यवसायांत दरिद्री होण्याची तजवीज केली, याबद्दल वडीलधाऱ्यांचा माझ्यावर जो रोष आहे तो सर्वस्वी अनाठायी आहे असे मला म्हणवत नाही. पहिला व्यवसाय लिहिण्याबोलण्याचा. वृत्तपत्राच्या अर्थविषयक पानावर उमेदवारी केल्यावर मी उद्योजकांच्या मुलाखतींचा एक पॉडकास्ट काढला, आणि तो पुण्यातील बऱ्याच मंडळींच्या कानी पडतो. विशेषतः हिंजवडीच्या वाहतुकीत अडकल्यामुळे ज्यांना दुसरा इलाज उरत नाही त्यांच्या. दुसरा व्यवसाय गुंतवणुकीचा. ज्या कंपनीजवळ अद्याप गिऱ्हाईक नाही, नफा नाही आणि पुष्कळदा धड कचेरीही नाही, अशा नवजात कंपनीचे चिमूटभर शेअर, एखाद्या सिंडिकेटच्या मागल्या बाकावर बसून, विकत घ्यावयाचे.

हे दोन धंदे परस्परांस पूरक आहेत असे या क्षेत्रातील जाणते लोक सांगतात, आणि त्यांच्या पदरी दाखलेही भक्कम आहेत. मायकेल मॉरिट्झ हा गृहस्थ मूळचा ‘टाइम’ साप्ताहिकाचा वार्ताहर. १९८४ साली त्याचा ॲपल कंपनीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, १९८६ साली तो सिकोया या भांडवल पुरवणाऱ्या पेढीत दाखल झाला, आणि १९९९ साली त्या पेढीने गूगल नामक लहानशा कंपनीत सव्वा कोटी डॉलर घातले तेव्हा तो व्यवहार पाहणारा तोच होता. जेसन कॅलाकॅनिस न्यूयॉर्कात इंटरनेटच्या नव्या कंपन्यांविषयी नियतकालिक चालवीत असे. पुढे त्याने उबरच्या बाल्यावस्थेत २५,००० डॉलर गुंतवले, त्यांचे काय झाले ते तो आजतागायत आपल्या पॉडकास्टवरून सांगत आला आहे, आणि एवढे घबाड हाती लागले असते तर मीही दुसरा विषय काढला नसता. ही नावे मी घरात इतक्या वेळा उच्चारली आहेत, की आमच्या आईने एकदा सत्यनारायणाच्या पूजेला त्या मंडळींनाही बोलावणार आहेस काय, अशी पृच्छा केली.

मात्र या दाखल्यांत एक मेख आहे, ती मला फार उशिरा उमगली असे नव्हे, परंतु सोयीस्कर नसल्यामुळे मी तिची वाच्यता करीत नाही. मॉरिट्झने आधी लेखणी खाली ठेवली आणि मग थैली उचलली. आम्हांला दोन्ही हात एकसमयावच्छेदेकरून भरलेले हवेत. तसे हवे असणाऱ्याचे काय होते, तेही इतिहासात नमूद आहे. मायकेल ॲरिंग्टन याने २००५ साली टेकक्रंच काढले व स्टार्टअपांच्या वार्तांचे ते मुख्य पीठ बनवले. २०१० साली एओएलने ते विकत घेतले. आणि २०११ च्या सप्टेंबरात, ज्या कंपन्यांच्या बातम्या द्यावयाच्या त्यांतच पैसे गुंतवण्यासाठी त्याने क्रंचफंड हा दोन कोटी डॉलरांचा फंड जाहीर केला, ज्यात खुद्द एओएलचाही पैसा होता. त्यावर असा काही गदारोळ उसळला की थोड्याच दिवसांत गृहस्थ स्वतःच काढलेल्या पत्रातून बाहेर पडला.

आपल्याकडे एवढा गदारोळ कोणी करीत नाही. टाइम्स समूहाने २००५ च्या सुमारास कंपन्यांना जाहिरातीची जागा देऊन मोबदल्यात त्यांचे शेअर घेण्याची पद्धत सुरू केली, तिचे अनुकरण इतरांनीही केले, आणि पुढे सेबीला व प्रेस कौन्सिलला सांगावे लागले की बाबांनो, ज्याच्यात तुमची भागी आहे त्याची बातमी छापताना निदान तेवढे तरी छापा. आणि त्याच्याही फार पूर्वी लातूरच्या जिनिंग कारखान्यात लोकमान्यांची भागी होती आणि ‘केसरी’ही त्यांचाच होता, पैसा फंडासाठी घरोघर एकेक पैसा गोळा होत होता तेव्हा त्याच्या पाठीशी ‘केसरी’ उभा राहिला, व त्यातून १९०८ साली तळेगावी काचेचा कारखाना निघाला. त्या एक पैशाच्या भागीदाराने कोणाला व्हॅल्युएशन विचारले नाही, एग्झिट केव्हा म्हणून तगादा लावला नाही. असे भागीदार हल्ली का मिळत नाहीत, म्हणून पुष्कळ फाउंडर माझ्यापाशी खंत करतात.

हे फाउंडर बहुधा चोवीस-पंचवीस वर्षांचे असतात, मला ‘सर’ म्हणतात, आणि बालेवाडीच्या एखाद्या कॉफीगृहात आपला लॅपटॉप उघडून डेक दाखवतात. डेकचे एक शास्त्र आहे, आणि ते आमच्या काळच्या श्राद्धविधीपेक्षाही काटेकोर आहे. प्रथम समस्या सांगावयाची, मग उपाय, मग बाजारपेठेचा अफाट विस्तार. आणि नंतर अत्यंत विनयाने म्हणावयाचे की सर, आम्ही यातला फक्त एकच टक्का धरला आहे. हा एक टक्का मी कुत्र्यांच्या बिस्किटांत पाहिला, शेतमालाच्या ॲपमध्ये पाहिला आणि भटजी घरपोच पाठवणाऱ्या कंपनीतही पाहिला. दोन टक्के धरणारा उद्धट आणि अर्धा धरणारा भित्रा, असा एखादा अलिखित सरकारी जीआर असावा अशी माझी समजूत झाली आहे.

आता ज्या फेरीत चार कोटी उभे करावयाचे आहेत, त्या फेरीत माझ्या दोन लाखांचे अगत्य कोणाला असावे? परंतु असते, आणि अपार असते. प्रारंभी मी ते माझ्या व्यवहारज्ञानाच्या खाती जमा धरीत असे. पुढे एका तरुणाने फारच निर्मळपणे खुलासा केला. तो म्हणाला, “सर, पैशाचं काय, होईल तेव्हा द्या. एपिसोड कधी करायचा?” म्हणजे माझा चेक हा नजराणा, आणि दरबारात हजेरी लागावयाची ती माझ्या श्रोत्यांसमोर, ज्यांना या सौद्यात कोणी विचारलेले नाही, आणि जे त्या वेळी वाकडच्या पुलाखाली निमूटपणे उभे असतात. तेव्हापासून मी दंडक केला, की ज्यात पैसा घातला त्याची मुलाखत नाही, आणि मुलाखत घेतली त्यात पैसा नाही. याचा परिणाम असा की उत्तम कंपन्यांच्या मुलाखती मी घेऊन बसलो आहे आणि उरलेल्यांत माझे पैसे आहेत.

आईला या कारभाराची रुजवात करून देणे हे मात्र सेबीला उत्तर देण्याहून कठीण. “म्हणजे भिशीच ना रे?” तिने विचारले. मी म्हटले, अगदी तशीच, फक्त भिशीत प्रत्येकाचा नंबर लागतो. इथे बहुतेकांचे पैसे बुडतात आणि एखाद्याच कंपनीने सगळ्यांची भरपाई करावी अशी अपेक्षा असते. “आणि ती एखादी कुठली, ते केव्हा कळतं?” सात वर्षांनी, दहा वर्षांनी. आईने माझ्याकडे पाहिले, आणि पुढल्या महिन्यापासून तिच्या भिशीत माझे नाव घातल्याचे जाहीर केले. तेथील माझा नंबर लागला देखील. माझ्या एकंदर गुंतवणुकीत रोख परतावा दिलेली ती अद्याप एकमेव संस्था आहे.

गेल्या आठवड्यात एक फाउंडर भेटावयास आला. दंडकाप्रमाणे मी त्याला विचारले, पैसे हवेत की मुलाखत? तो म्हणाला, दोन्ही नकोत. त्याची आधीची कंपनी विकली गेली होती, हातात रक्कम खुळखुळत होती, आणि तो स्वतःच एंजल गुंतवणूक करू लागला होता; माझ्या पॉडकास्टमध्ये भागी घेण्याची त्याची इच्छा होती. त्याने मला व्हॅल्युएशन विचारले, पाच वर्षांचे अंदाज विचारले, आणि शेवटी, वयाने माझ्या निम्मा असूनही, अतिशय वडिलकीने म्हणाला, “एक डेक पाठवून द्या ना सर.”

सध्या तेच चालू आहे. समस्या लिहून झाली, उपाय लिहून झाला. काल रात्री बाजारपेठेच्या पानावर आलो. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी भाषिक सुमारे आठ कोटी तीस लाख आहेत. मी फक्त एकच टक्का धरला आहे.