डॉर्ममधल्या पोट्ट्या पवनीत

अहो, ऐकलंत का? समोरच्यांची पोट्टी, पुण्याला नोकरी करते ती, काशीला जाऊन आली. त्यात काय मोठं, म्हणाल. आपणच विदर्भाच्या काशीत राहतो, वैजेश्वराचा घाट हाकेवर... पण उतरली कुठे माहीत आहे? हॉस्टेलात! तिच्या आईला वाटलं मुलींचं वसतिगृह असेल, रेक्टरबाई असतील, आठ वाजता गेट बंद. कसलं काय बाप्पा! एका खोलीत आठ पलंग, रेल्वेच्या बर्थसारखे एकावर एक, आणि आठही जणी एकमेकींना अनोळखी. सामानाला लॉकर, पण कुलूप आपलं आपण न्यायचं. आणि गंमत बघा, त्याच गावचं आधार कार्ड दाखवलं तर बऱ्याच हॉस्टेलांत घेतच नाहीत म्हणे. परगावचेच पाहिजेत!

पलीकडच्या काकूंनी लगेच डोळे बारीक केले. "काहून गं, पोट्टेही त्याच खोलीत?" ही म्हणते कशी, "काकू, माझं फीमेल डॉर्म होतं. मिक्स्डही असते, पायजे तर तुमच्यासाठी बुक करून देतो." काकूंचं तोंड असं झालं की... जाऊ द्या, मी हसू दाबायला भाजी निवडायला घेतली.

तेवढ्यात आपले गुरुजी मध्ये पडले. ते कधी पडत नाहीत? म्हणाले, हे काही आजचं फॅड नाही. रिचर्ड शिरमान नावाचा जर्मन मास्तर 1909 मध्ये पोरांना घेऊन पायी हिंडत होता, वादळात सापडला, सगळ्यांनी एका शाळेत रात्र काढली. तिथून त्याच्या डोक्यात आलं की हिंडणाऱ्या पोरांना अशी स्वस्तातली जागा गावोगावी असावी. 1912 मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमचं हॉस्टेल निघालं. "किल्ल्यात?" काकू एकदम ताठ. "मग आपल्या किल्ल्याच्या जवाहर गेटाले काय झालं?" गुरुजी म्हणाले, "आधी झुडपं काढा." संपला विषय.

तर काय सांगत होते... हां, त्या पोट्ट्या. तिथे एकच स्वयंपाकघर, सगळ्यांचं मिळून. एकीनं मॅगी टाकली, दुसरीनं त्यात अंडं फोडलं, झाली ओळख. एक कोरियाची, दिवसभर सारनाथ बघून आलेली. दुसरी केरळची. तिनं विचारलं, तू कुठली? ही म्हणाली, नागपूरजवळची. खरं सांगा, आपण सगळे असंच सांगतो की नाही? पण ती सोडते कुठली! नागपूरजवळ म्हणजे नेमकं कुठे? पवनी म्हटल्याबरोबर ती पलंगावर अशी ताडकन उठली की वरच्या फळीला डोकं आपटलं. "जगन्नाथ टेकडी?"

ती पुरातत्त्व शिकते हो. पुरातत्त्ववाल्या देव सर आणि जोशी साहेबांनी 1969-70 ला टेकडीवरचा स्तूप खोदला ना, त्याचा अख्खा रिपोर्ट वाचलेला. मुचलिंद नागाचं शिल्प विचारते, दान देणाऱ्यांची ब्राह्मीत कोरलेली नावं विचारते. आणि आपली पोट्टी? जन्म गेला टेकडीजवळ, तोंडातून शब्द नाही. आईला फोन करून म्हणाली, लाज वाटली गं.

मग काय, दोघी थंडीत आल्याच की इकडे! पाठीवर हे एवढाले रकसॅक. गल्लीतला एक पडदा जागेवर राहिला असेल तर शपथ. तिच्या आईनं पाटवडी रस्सा केला, कोरियाची डोळ्यांतून पाणी काढत दोनदा वाढून घेऊन राहिली. आणि गणपतीत दरवर्षी पवनीच्या इतिहासावर भाषण ठोकणारे ते काका, नाव नाही घेत, मुद्दाम भेटायला आले. केरळच्या पोट्टीनं साधं विचारलं, स्तूपाचा व्यास किती? काकांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. तिनंच सांगितलं, चाळीस मीटरच्या वर, सांचीच्या मोठ्या स्तूपापेक्षा जास्त. काकांचा चेहरा पाहायला हवा होता तुम्ही! काकूंनी तर चहाचा कप तोंडाशी नेऊन तसाच धरला.

फक्त एकदा सगळे गप्प झाले. कोरियाचीनं विचारलं, इथल्या जंगलात तो जय नावाचा वाघ होता ना, त्याचं काय झालं? आता काय सांगायचं... 2016 च्या एप्रिलपासून दिसलाच नाही, एवढंच गुरुजी बोलले.

बरं, खरी बातमी पुढेच आहे. फेब्रुवारीत रुयाडच्या महास्तूपाच्या धम्म महोत्सवाला दोघी पुन्हा येणार आहेत, आणखी दोन डॉर्मवाल्यांना घेऊन. समोरचीची एकच खोली, चौघी मावणार कुठे? काकूंनी तर आत्ताच जाहीर केलं, पाहुण्या माझ्याकडे. त्याच काकू हं! मीही माझी गच्चीवरची खोली झाडून घेतली आहे, दोन खाटाही टाकल्या. पण काकूंना बोलू नका बरं का.