मुक्काम पोस्ट वसई

डहाणूकडच्या सायवनच्या माणसाला वसई ठाऊक असते ती गाडीच्या खिडकीतून, आणि तीही खिडकी मिळाली तर. २०१३ साली डहाणू रोडहून चर्चगेटला थेट लोकल सुरू झाली आणि सव्वाशे किलोमीटरवरची मुंबई एका तिकिटात आली. मधली वसई मात्र जिथल्या तिथे राहिली. विरारला गर्दी आत घुसते, मग नालासोपारा, वसई रोड ही नुसती घोषणा उरते. त्यातूनही कोणी वसई पाहायची टूम काढलीच, तर घरातलं मत ठरलेलं असतं : दोन-अडीच तासांत तर पोचतो, सकाळी जाऊ, संध्याकाळी परत येऊ, मुक्काम कशाला? माझं म्हणणं असं, की मुक्कामाशिवाय वसई पाहताच येत नाही. हे म्हणणं हौसेपोटी नाही. त्याला आधार आहे, आणि तो आधार स्वयंपाकघराच्या भिंतीवर कॅलेंडरच्या रूपाने टांगलेला असतो.

वसईला जायचं तर नुसता किल्ला बघून भागत नाही. तिथे बेटं आहेत, आणि बेटांवर माणसं राहतात. नायगाव आणि भाईंदरच्या मधे खाडीत पाणजू आहे. सगळ्या लोकल त्याच्याजवळून धडधडत जातात, पण पाणजूकराला घरी जायला होडीच लागते. उत्तरेला अर्नाळ्याच्या किनाऱ्यासमोर किल्ल्याचं बेट आहे. मराठ्यांनी ते १७३७ मध्ये घेतलं. दरवाज्यावर हत्ती आणि वाघ कोरलेले आहेत, बाजीरावाचं नाव असलेला शिलालेख आहे, आत अष्टकोनी तळं आहे. एवढं सगळं पलीकडे दिसत असतं, मधे असतो समुद्र, आणि समुद्राचं वेळापत्रक रेल्वे छापत नाही. भरतीला होडी किनाऱ्याशी येते. ओहोटीला ती लांब उभी राहते, आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, चपला हातात घेऊन आपणच तिच्याकडे जायचं असतं. भरतीची वेळ काढायचा कोकणातला हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. म्हणजे भरती रोज पाऊण तास उशिरा येते. एसटीही येते, पण समुद्र आधी सांगून येतो एवढा फरक.

आता या हिशेबावर एका दिवसाची सहल बसवून पाहा. त्रयोदशीला पूर्ण भरती पावणेदहाला. नऊला होडीत बसावं, अकराच्या आत परतावं, पायही फारसे भिजायचे नाहीत. पण नऊला अर्नाळ्याच्या वाळूत उभं राहायचं तर सायवनहून कासा, तिथून डहाणू रोड, मग विरार, मग अर्नाळ्याची बस ही साखळी कोंबडा आरवायच्या आधी जोडावी लागते, आणि तिच्यातली एकही कडी दुसरीसाठी थांबत नाही. बरं, चतुर्थी घेऊ. भरती तीनला. दुपारी आरामात पोचता येतं. पण बेटावरून परतून विरार स्टेशन गाठेपर्यंत सगळी मुंबई कामावरून सुटलेली असते आणि डहाणू गाडीत पाय ठेवायला जागा नसते. ठेवलाच पाय, तरी डहाणू रोडला उतरल्यावर सायवनकडची शेवटची जीप गेलेली असते. शिवाय कृष्ण पक्षातली चतुर्थी निघाली तर संकष्टी. कोळीवाड्यात दिवसभर फिरून उपास धरायचा, चंद्रोदयापर्यंत, हा निग्रह भल्याभल्यांना झेपणारा नाही. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारच्या सुमारास येते खरी, पण ते उधाणाचे दिवस. पाणी जितकं वर चढतं, तितकंच लांब ओसरतं. गप्पांच्या नादात होडी चुकली तर परतीची वाट चिखलातून. थोडक्यात, पंधरा तिथींपैकी एकही सायवनच्या माणसाला एका दिवसात अर्नाळा दाखवायला राजी नाही.

यावर इतिहास वाचलेला माणूस एक आक्षेप घेईल, आणि तो खोडून काढायला सोपा नाही. वसईत मुक्काम करणाऱ्यांचं कुणाचं भलं झालं? १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने तह करून वसई पोर्तुगीजांना दिली. पाहुणे दोनशे वर्षं हलले नाहीत. १८०२ मध्ये होळकरांकडून हरलेला दुसरा बाजीराव इंग्रजांच्या जहाजातून वसईला आला, थोडा टेकला, आणि ३१ डिसेंबरला सही करून पेशवाईचं स्वातंत्र्यच देऊन बसला. पण यात दोष मुक्कामाचा नाही, मुक्कामात सह्या करण्याचा आहे. लॉजच्या रजिस्टरात सही करताना एवढं राज्य हातचं जायची भीती नाही. उलट दाखला चिमाजी अप्पांचा. तेही आपल्याच बाजूने, तारापूर घेऊन, दक्षिणेला वसईवर गेले. फेब्रुवारी ते मे १७३९ तिथे तळ ठोकून बसले, तेव्हा वसई हाती आली. सैन्य, तोफा, सुरुंग असूनही त्यांना ज्याला जवळजवळ तीन महिने लागले, ते आपण दोन लोकलच्या मधल्या वेळात, डबा खाऊन, उरकू पाहतो.

खरा आक्षेप निराळाच असतो आणि तो कुणी उघड बोलत नाही. तिकडे नातेवाईक आहेत. नालासोपाऱ्याला मामेभाऊ, वसई पूर्वेला आत्या, आणि एवढे लोक असताना लॉजवर उतरणं म्हणजे त्यांच्या तोंडावर दार लावणं. पैसे वाचतात हेही खरंच. पण आत्याकडे उतरलेल्या माणसाला भरती सापडत नाही. आठला निघायचं म्हटलं की पोहे होतात, पोह्यांमागून चहा येतो, चहानंतर शेजारच्या काकू ओळख काढायला येतात, आणि तोवर पाणी ओसरून होडी वाळूपासून लांब गेलेली असते. मग दुपारी आत्याच मॉलमध्ये नेते. ज्या नालासोपाऱ्यात १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी बौद्ध स्तूप उकरून काढला, तिथे राहूनही पाहुण्याला दिसतो तो मामेभावाचा नवा सोफा. वाचलेले पैसे मिठाईच्या पुड्यात आणि लहान मुलांच्या हातावर ठेवायच्या नोटांत जातात, हा हिशेब वेगळाच.

म्हणून दोन रात्रींचा बेत करावा, तोही तिथी पाहून. द्वादशीच्या आदल्या संध्याकाळी पश्चिमेला, जुन्या वसईच्या बाजूला, पोचावं. सकाळी अर्नाळा; परतताना आगाशीला सुकेळी घ्यावीत. राजेळी केळी सोलून कित्येक दिवस उन्हात वाळवतात, ती तपकिरी आणि चिकट होतात, मग केळीच्याच सुक्या पानात बांधतात. घाई केलेलं सुकेळं कच्चंच लागतं. दुसरा दिवस किल्ल्याला द्यावा. शंभरावर एकरांत पडक्या चर्चच्या भिंती आणि त्यांना विळखा घातलेली झाडं आहेत; ती जेवणाच्या सुट्टीत संपत नाहीत. उरलेल्या वेळात २०२४ पासून सुरू झालेल्या रो-रो बोटीने भाईंदरला जाऊन यावं. रस्त्याचा तीस-पस्तीस किलोमीटरचा वळसा ती वाचवते, आणि काही काम नसताना वळसा वाचवण्यात वेगळीच मजा आहे. राहता राहिली आत्या. तिला फोन जरूर करावा, पण परतीची गाडी वैतरणा ओलांडून गेल्यावर. त्या वेळी तिलाही राहून जाण्याचा आग्रह अगदी मोकळ्या मनाने करता येतो.