प्रेक्षणीय रविवार

आमचा भाचा ओसाकाला नोकरी करतो. तिथे पावणेआठची गाडी पावणेआठलाच सुटत असल्यामुळे त्याच्या अंगात एक शिस्त भिनली आहे आणि सुट्टीत मालवणला येतानाही तो ती घरी ठेवून येत नाही. या खेपेला त्यानं मोबाइलमध्ये मालवण-दर्शनाचा तक्ताच करून आणला. साडेआठला सिंधुदुर्ग किल्ला, अकराला जय गणेश मंदिर, पावणेबाराला रॉक गार्डन, दीडला जेवण, सव्वादोनला तारकर्ली, संध्याकाळी देवबागचा संगम. ओसाकाचा किल्ला, तिथला कुरोमोनचा मासळीबाजार आणि रात्रीचं दोतोंबोरी त्यानं असंच एका दिवसात उरकलं होतं म्हणे. आईनं तक्ता शेवटपर्यंत ऐकला आणि एकच शंका काढली, "ह्येच्यात न्ह्यारी खंय आसा?"

न्याहारीला शिरवाळे होते. तांदळाचे उकडलेले गोळे साच्यातून दाबून काढलेल्या शेवया आणि त्यावर गूळ-वेलची घातलेला नारळाचा रस. भाच्यानं वाडगं तोंडाशी नेलं आणि सुर्रकन आवाज करत शेवया ओढायला सुरुवात केली.

"जपानात नूडल्स अशाच खातात, आजी. आवाज केलेला चालतो."

"ह्याच आवाजासाठी ल्हानपणी माजो मार खाल्लंस," आई म्हणाली. "तुका तेवाच थंय धाडूक व्हया होता."

मग आग्रहाचं वाडगं, त्यानंतर 'आता एवढंच उरलंय'चं वाडगं. धक्क्यावर पोचेपर्यंत दहा वाजून गेले. त्यातून रविवार. होडी कधी सुटणार, असं भाच्यानं विचारलं. "भरली की," असं उत्तर मिळालं. ओसाकाच्या रेल्वेला जे जमलेलं नाही ते इथे रोज घडतं: आमच्या होडीला उशीर होऊच शकत नाही, कारण तिला वेळच दिलेली नाही.

किल्ला जवळ आला तसा भाचा दरवाजा शोधू लागला. तो सापडत नाही, कारण तो सापडू नये म्हणूनच तसा बांधला आहे. दोन बुरुजांच्या वळणात दडलेलं हे प्रवेशद्वार अगदी पुढ्यात गेल्याशिवाय दिसत नाही. 25 नोव्हेंबर 1664 रोजी कुरटे बेटावर या कामाचा मुहूर्त झाला, हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली ते चाललं आणि तीनेक वर्षांत समुद्रात अठ्ठेचाळीस एकरांचा किल्ला उभा राहिला. ही सगळी माहिती मी अभिमानानं दिली.

"ओसाकाच्या किल्ल्यात लिफ्ट आहे," भाचा म्हणाला.

चौकशी केल्यावर कळलं, की हिदेयोशी नावाच्या सरदारानं तो किल्ला बांधायला घेतला 1583 मध्ये, पण आज दिसतो तो मनोरा 1931 साली काँक्रीटमध्ये उभारलेला आहे. आमच्या तटाला लिफ्ट नाही, पण तटही मूळचाच आहे, हे मी त्याला पायऱ्या चढताना ऐकवलं. त्यामुळे धाप मात्र दोघांनाही सारखीच लागली.

शिवराजेश्वराच्या मंदिरात हात जोडले. राजाराम महाराजांच्या काळातलं हे देऊळ. चुन्यात उमटलेले शिवाजी महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे पाहिले. मग विहिरी. चहूबाजूंनी खारं पाणी आणि मधोमध गोड्या पाण्याच्या तीन विहिरी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. शत्रूनं वेढा घातला तर गडावर पाणी हवं, हे त्यामागचं धोरण. पण ही तीन नावं लागोपाठ ऐकल्यावर पर्यटकाच्या पोटात काय होतं, याचा विचार कोणी केलेला दिसत नाही. आम्ही कोकम सरबत प्यालो आणि ते कमी पडलं म्हणून शहाळं घेतलं.

जय गणेश मंदिरात पोचलो तेव्हा भाचा घड्याळाकडे बघून हळहळत होता. हे मंदिर उभारणारे जयंतराव साळगावकर मूळचे मालवणचे. 1973 पासून ज्यांच्या 'कालनिर्णय'नं अख्ख्या महाराष्ट्राला तिथी, वार आणि मुहूर्त सांगितले, ते हेच. वेळेच्या बाबतीतलं आपलं कर्तव्य गावानं त्यांच्या हस्ते एकदाच आणि भरघोस पार पाडलं आहे. उरलेल्यांनी आता घड्याळ बघायचं कारण नाही, अशी इथली साधारण समजूत आहे.

जेवायला तक्त्यात पंचेचाळीस मिनिटं होती. तेवढ्यात बांगड्याचं तिरफळ घातलेलं तिखलं झालं. मग तिसऱ्यांचं सुकं आलं, सुरमईची तुकडी आली आणि सोलकढी तर येतच राहिली. जेवताना भाच्यानं ओसाकाच्या कुशिकात्सूची गोष्ट सांगितली. काडीला टोचून तळलेले तुकडे आणि सॉसचं भांडं सगळ्यांना मिळून एक. त्यात चावलेली काडी पुन्हा बुडवायची सक्त मनाई.

"म्हंजे उष्टां-खरकटां कळता त्यांका," आई म्हणाली. जपानबद्दल तिनं काढलेला हा पहिला चांगला उद्गार.

सव्वादोनला तारकर्लीला निघायचं होतं. सव्वादोनला भाचा ओसरीवर आडवा होता. दुपारी मालवणची बाजारपेठसुद्धा फळ्या लावून झोपते, तिथे समुद्रानं तरी कोणाची वाट का बघावी?

जाग आली ती लिलावाच्या वेळेला. धक्क्याजवळ होड्या लागल्या होत्या, वाळूत मासळीचे वाटे पडले होते आणि बोली चढत होती. दोतोंबोरीला एका हॉटेलावर पाय हलवणारा भलामोठा यांत्रिक खेकडा लावलाय, असं भाचा सांगत होता, तेवढ्यात पायाशी टोपलीतल्या कुर्ल्या हलल्या आणि त्यानं उडीच मारली. मग तो फोटो काढू लागला.

"बगतंस काय? घे, नायतर बाजूक हो!" टोपलीवाली कडाडली.

क्योटोचा माणूस कपड्यांपायी कंगाल होतो आणि ओसाकाचा खाण्यापायी, अशी जपानात म्हण आहे. भाचा कुठल्या गावचं पाणी प्यायलाय ते तिथेच दिसलं. पापलेटांच्या वाट्यावर तो एका खाणावळवाल्याशी भिडला. रुपयांचे मनातल्या मनात येन करत असल्यामुळे त्याला प्रत्येक बोली स्वस्तच वाटत होती. खाणावळवाला धंदेवाईक माणूस, वेळीच गप्प झाला. त्याच क्षणी मोबाइल वाजला: 'देवबाग संगम, सूर्यास्त'. भाच्याचे दोन्ही हात पापलेटांनी भरले होते, म्हणून मीच तो बंद केला.

रात्री पापलेटं संपवून बोटं चाटत त्यानं तक्ता उघडला. रॉक गार्डन, तारकर्ली, संगम, सगळं राहिलेलं. तो ओशाळून म्हणाला, "आजी, बघायचं काहीच झालं नाही गं."

"मगे उद्या सोमार आसा," ताटं उचलता उचलता आई म्हणाली. "घरात मासे नाय. काय बगूचा आसा ता उद्या बगून घेवा."