कथानायक चि. अजय यास खुले पत्र

चि. अजय,


एनडीएच्या, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, प्रवेशाची तयारी करून घेणाऱ्या एका अकॅडमीच्या खाली माझं झेरॉक्सचं दुकान आहे. 'एसएसबीच्या हमखास कथा' ही फाईल माझ्याच मशीनवरून निघते आणि तिच्या पानोपानी तूच असतोस. पहिल्या पानावर तू बुडतं पोर वाचवतोस, दुसऱ्यावर रक्तदान शिबिर भरवतोस, तिसऱ्यावर हातची गेलेली मॅच जिंकून देतोस. जेवतोस कधी, ते मात्र कुठेच छापलेलं नाही.

लेखी परीक्षेत तुझं काही चालत नाही. गणिताचे 300 आणि सामान्य क्षमता चाचणीचे 600 गुण पोरांना स्वतःच कमवावे लागतात. उत्तर चुकलं की एक तृतीयांश गुण जातात. पण पुढे एसएसबीचे, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाच्या चाचण्यांचे, 900 गुण आहेत आणि तिथे तुझी सद्दी. चित्र 30 सेकंद दिसतं, मग 4 मिनिटांत गोष्ट लिहायची. अशी 11 चित्रं. चित्रात बाई रडत असो की म्हातारा एकटा बसलेला असो, तू शिबिर भरवून मोकळा! बाई का रडते, हे विचारायला तुला सवड कुठली? बारावं चित्र कोरं असतं. तिथे मुलाने आपल्या मनातलं चित्र रंगवावं, अशी अपेक्षा. आमच्या फाईलमध्ये त्याचीही तयार गोष्ट आहे. त्या पानाला सगळ्यात जास्त मागणी.

मग 60 शब्द, प्रत्येकी 15 सेकंद. शब्द वाचून जे मनात येईल ते लिहायचं. परवा एक पोरगा माझ्या काउंटरला टेकून तेच घोकत होता. सहज विचारलं, "तुला कशाची भीती वाटते रे?" त्याने फाईल चाळायला घेतली.

2021 पासून मुलीही एनडीएच्या परीक्षेला बसू लागल्या, तेव्हा मला वाटलं, आता नव्या गोष्टी येतील. आली ती तुझी बहीण. तेच पोर, तीच नदी.

अडचण एवढीच की, एसएसबीत मानसशास्त्रज्ञ, मुलाखत घेणारे आणि मैदानावरचे अधिकारी मुलाला वेगवेगळे जोखतात आणि शेवटच्या दिवशी एकत्र बसतात. कागदावर तू पूल बांधून काढलेला असतोस. मैदानावर फळी-दोरखंड हातात आल्यावर आमचं पोरगं गटातल्या दुसऱ्याचं ऐकूनही घेत नाही. तिघांच्या टिपणांत एकच माणूस सापडायचा कसा? तेव्हा बाबा, एखादी सुट्टी काढ. पोराला स्वतःची एक साधी, पडकी का होईना, गोष्ट लिहू दे.

तुझाच,
झेरॉक्सवाले काका

ता. क. 'उत्तरं घोकलेली वाटतात' अशी कुरबुर अकॅडमीच्या सरांच्या कानावर गेली आहे. नवी फाईल उद्यापासून मिळेल : 'स्वाभाविक उत्तरांचे 100 नमुने'. पाठांतर सक्तीचं.