कूपनकाका

शहापूर-मुरबाडच्या बाजारपेठांत आढळणारे कूपनकाका सवलतीला हपापलेले नसतात. त्यांना अटी पाळायच्या असतात. साबणाच्या वेष्टनावरचं कूपन ते ठिपक्यांच्या रेषेवरूनच कापतात. कात्री केसभर आत गेली की कूपन बाद, मग दुकानदार कितीही 'चालतंय हो' म्हणो.

मागची बारीक अक्षरं गल्ल्यासमोर मोठ्याने वाचणं हे या जातीचं मुख्य लक्षण. मागे कुणाची एसटी सुटायला आलेली असते आणि काका 'एका कुटुंबास एकच' या अटीपाशी अडलेले असतात. काकूंच्या नावाने दुसरं घ्या, असं कुणी सुचवलं तर उत्तर तयार असतं: "रेशनकार्ड एकच आहे ना आमचं!" मुलगा वेगळा झाला तेव्हा अशा काकांनी डोळे पुसले; पण भांड्यांच्या साबणावर आता दुसरं कूपन लागू होतं, हेही त्याच बैठकीत सांगितलं.

मुदत काल संपली असेल तर दुकानदार गयावया करतो, "काका, एका दिवसाने काय होतंय, द्या इकडे." त्याला तशी मुभाही आहे. २०११ च्या वेष्टनबंद वस्तूंच्या नियमांप्रमाणे छापलेली किंमत ही सर्व करांसह कमाल किंमत. कमी घ्यायला कुणाची हरकत नाही. हरकत काकांची असते. ते पूर्ण पैसे मोजतात, वर पावती मागतात. जाहीर केलेली भेट द्यायचीच नाही, असं आधी ठरवणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. अशा गिऱ्हाइकापासून दुकानदाराला वाचवणारं कलम मात्र त्यात नाही.

कूपन कल्याणच्या दुकानाचं असेल तर शहापूरचे काका आसनगावहून लोकल पकडतात, मुरबाडचे एसटीने जातात. भाडं सवलतीहून जास्त होतं, हे त्यांनाही कळतं. पौष पौर्णिमेला म्हशाच्या जत्रेत त्यांची खरी पंचाईत. घोंगडीवर ना किंमत छापलेली, ना अट. पहिला सांगितलेला भाव देऊन ते मोकळे होतात. काकू बरोबर असतील तर तीच घोंगडी निम्म्यात येते.

सगळी कूपनं परत येणार नाहीत, हे कंपन्यांनी धरलेलंच असतं. माल न विकताच कूपनं वटवणारे व्यापारीही असतात. काका दोन्ही हिशेबांत बसत नाहीत. वैतागलेला दुकानदार दुपारी जेवायला जाताना गल्ल्यावर बसवतो तो मात्र यांनाच, आणि परतल्यावर पैसे मोजत नाही. ते काकांनी मोजून, कागदावर लिहून ठेवलेले असतात.

आता सवलत मोबाइलवर येते किंवा बिलातच वजा होते. कापायला रेषा नाही. नव्या सुपरमार्केटात काका बिल उलटसुलट करून विचारतात, "हे कशाचे कमी केलेत? अटी कुठे आहेत?" काउंटरवरची मुलगी मान वर न करता म्हणते, "काका, पुढे सरका."